समुद्री पवनचक्कीचं संगणकीय मॉडेल आणि टाकीतली चाचणी : नव्याने संशोधनाला लागणाऱ्यांसाठी

समुद्रातल्या पवनचक्क्यांवर संशोधन सुरू केलं तेव्हा माझ्या हातात तीन गोष्टी आल्या : इनपुट फाइलींनी भरलेलं एक फोल्डर, जुन्या अहवालांचा गठ्ठा आणि लाटांच्या टाकीचं बुकिंग झाल्याची तारीख. यातलं आधी काय उघडायचं हे कुणी सांगितलं नाही. मी सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली आणि कित्येक आठवडे असे आकडे काढत बसलो, जे बरोबर आहेत की चूक हे मलाच सांगता येत नव्हतं. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून कामाचा क्रम इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात जास्त गोंधळ तरंगत्या पवनचक्क्यांच्या बाबतीत होतो, म्हणून उदाहरणं तिथली घेतली आहेत. तळाला रोवलेल्या पायांवर काम करणार असाल तर पाचव्या-सहाव्या पायरीतला काही भाग गाळा, बाकी सगळं लागू पडतं.

आधी एका शब्दाबद्दल. या क्षेत्रात ‘पिच’ दोन आहेत. पातं स्वतःच्या लांबीभोवती वळतं ती एक पिच आणि तरंगता पाया वाऱ्याच्या दिशेत मागेपुढे झुकतो ती दुसरी. एकाच बैठकीत दोघांबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि नवा माणूस हरवतो. मी इथे पहिलीला ‘पात्यांची पिच’ म्हणेन आणि दुसरीला ‘पायाचं झुकणं’. तुमच्या वहीतही असाच काहीतरी फरक ठेवा.

१. कागदपत्रं आणि साधनं गोळा करा

- निवडलेल्या संदर्भ पवनचक्कीचा, म्हणजे सगळे संशोधक तुलनेसाठी वापरतात त्या खुल्या डिझाइनचा, मूळ व्याख्या-अहवाल. त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधांवर विसंबू नका, मूळ अहवालच घ्या.
- तरंगत्या पायाचा स्वतंत्र व्याख्या-अहवाल, मुरिंगच्या (पाया समुद्रतळाशी बांधून ठेवणाऱ्या दोरांच्या) तपशिलासह.
- आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ६१४०० मालिकेतली मानकं : भारांच्या प्रकरणांसाठी (कोणत्या परिस्थितीत भार तपासायचे त्यासाठी) ६१४००-१, रोवलेल्या पायांसाठी ६१४००-३-१, तरंगत्यांसाठी ६१४००-३-२.
- एक संपूर्ण सिम्युलेशन प्रणाली. ओपनफास्ट मोफत आणि खुली आहे. तुमच्या संस्थेकडे हॉक-२, ब्लेडेड, सिमा किंवा ऑर्काफ्लेक्स असेल तर तेही चालेल.
- पायावरचे लाटांचे भार काढणारं पोटेन्शियल फ्लो (पाणी घर्षणरहित धरणारं) सॉफ्टवेअर. वॅमिट विकत घ्यावं लागतं, नेमोह आणि कॅपिटेन खुली आहेत.
- टाकीचं माहितीपत्रक : खोली, रुंदी, लाटांची मर्यादा, वाऱ्याची सोय, टाकीच्या टोकाकडून परतणाऱ्या लाटांचं प्रमाण.
- पानांवर क्रमांक असलेली एक जाड वही. टाकीच्या काठावर हात ओले असतात, तिथे लॅपटॉपपेक्षा वही भरवशाची.

२. स्वतःची पवनचक्की शोधून काढू नका

पहिल्या वर्षी नवीन डिझाइन करण्याचा मोह होतो. तो टाळा. एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेची ५ मेगावॉटची संदर्भ पवनचक्की २००९ साली प्रसिद्ध झाली. ती प्रत्यक्षात कधीच बांधली गेली नाही, पण तिच्या पात्यांच्या प्रत्येक छेदापासून नियंत्रकापर्यंत सगळं कागदावर खुलं आहे. रोटरचा व्यास १२६ मीटर, हबची (पाती जोडलेल्या मध्याची) उंची ९० मीटर, पूर्ण शक्ती गाठण्याचा वाऱ्याचा वेग सेकंदाला ११.४ मीटर. पुढे डेन्मार्कच्या डीटीयू विद्यापीठाची १० मेगावॉटची आली आणि २०२० साली आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची १५ मेगावॉटची, २४० मीटर व्यासाची.

तुमचा प्रबंध १५ मेगावॉटवर असला तरी शिकायला ५ मेगावॉटची घ्या, असं माझं ठाम मत आहे. आज ती लहान वाटते, पण तिच्यावर ओसी-३ आणि ओसी-४ हे आंतरराष्ट्रीय तुलना-प्रकल्प झाले. वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी आपापल्या सॉफ्टवेअरने तीच प्रकरणं चालवून आलेख शेजारी शेजारी ठेवले. तुमचा आलेख त्या घोळक्यात बसतो का, हे पाहण्याची सोय दुसरीकडे इतकी नाही. पायासाठी ओसी-३चा हायविंड स्पार (उभा, लांब, तळाशी वजन भरलेला नळकांडी पाया) किंवा ओसी-४चा डीपसीविंड सेमीसबमर्सिबल, म्हणजे सेमीसब (अनेक खांब जोडून केलेला, अर्धा बुडालेला पाया), निवडा.

३. सॉफ्टवेअर उघडण्याआधी हाताने गणित

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती, आणि पुढची प्रत्येक अडचण इथूनच निघाली.

आधी वारंवारिता मांडा. ही पवनचक्की मिनिटाला ६.९ ते १२.१ फेरे घेते. म्हणजे रोटरची स्वतःची वारंवारिता ०.११५ ते ०.२०२ हर्ट्झ. तीन पाती असल्याने मनोऱ्यासमोरून पातं जाण्याची वारंवारिता त्याच्या तिप्पट, ०.३४५ ते ०.६०५. मनोऱ्याची पहिली नैसर्गिक वारंवारिता या दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या फटीत, म्हणजे साधारण ०.२० ते ०.३४५ हर्ट्झच्या मध्ये बसवतात. समुद्रतळात रोवलेल्या मोनोपाइलवर, म्हणजे एकाच जाड नळीच्या पायावर, ती ०.२८च्या आसपास येते. फट किती अरुंद आहे पाहा. तळाची माती थोडी मऊ धरली की वारंवारिता खाली घसरते. मातीचं मॉडेल करणारी माणसं इतकी काटेकोर का असतात, ते इथे कळतं.

मग पायाचे नैसर्गिक काळ लिहा. समुद्राच्या लाटांची बहुतेक ऊर्जा ५ ते २० सेकंदांच्या काळात असते. ओसी-३ स्पारचं झुकणं ३० सेकंदांच्या आसपास आणि पुढेमागे सरकणं, म्हणजे सर्ज, दोन मिनिटांच्या आसपास. दोन्ही लाटांपासून दूर. ओसी-४ सेमीसबचं वरखाली होणं मात्र सुमारे १७ सेकंदांचं, आणि मोठ्या वादळात तेवढ्या काळाच्या लाटा येतात. असं काही दिसलं की त्याला वहीत चौकट करा, पुढे चाचण्या ठरवताना लागेल.

तिसरं, वाऱ्याचा धक्का. ११.४ मीटर वेगाला रोटरवरचा थ्रस्ट ८०० किलोन्यूटनच्या जवळ जातो. ९० मीटरच्या भुजेवर तो सुमारे ७२ मेगान्यूटन-मीटरचं उलथवणारं आघूर्ण देतो. ही ९० मीटर समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. तरंगत्या पायाला मुरिंगचे दोर पाण्याखाली धरून असतात, त्यामुळे खरी भुजा याहून लांब. या आघूर्णाला पायाच्या सावरण्याच्या कडकपणाने भागा, म्हणजे स्थिर वाऱ्यात पाया किती अंश झुकेल ते मिळेल. हा आकडा सॉफ्टवेअरच्या उत्तराजवळ आला नाही तर पुढे जाऊ नका.

४. मॉडेल एकेक भाग जोडत उभं करा

ओपनफास्टमध्ये वारा, वायुगतिकी, रचना, लाटा, मुरिंग, नियंत्रक हे सगळे वेगळे मॉड्यूल आहेत. पहिल्याच दिवशी सगळे चालू करून वादळी समुद्र सोडला तर काहीतरी आलेख येतोच, आणि तो खराच वाटतो. त्याऐवजी असा क्रम धरा.

सुरुवातीला वारा बंद, लाटा बंद, रोटर थांबलेला. पाया ठरलेल्या ड्राफ्टवर (पाण्याखालच्या खोलीवर) निवांत तरंगायला हवा. तो हळूहळू बुडत किंवा वर येत असेल तर वजन, उत्प्लावन आणि मुरिंगची ओढ यांचा हिशोब कुठेतरी चुकला आहे. मग पाया थोडा झुकवून सोडा आणि नैसर्गिक काळ मोजा, ज्याला सगळे डीके टेस्ट म्हणतात. सहाही गतींसाठी करा : तीन दिशांत सरकणं आणि तीन अक्षांभोवती वळणं. नंतर स्थिर वारा ३ ते २५ मीटर प्रति सेकंद, एकेक पायरीने. नंतर फक्त नियमित लाटा. अस्थिर वारा आणि अनियमित लाटा एकत्र, हे सगळ्यात शेवटी.

इथे दोन सापळे आहेत, आणि दोन्ही महागात पडतात.

पहिला जलस्थितिक कडकपणाचा. पोटेन्शियल फ्लो सॉफ्टवेअर तुम्हाला झुकण्याचा कडकपणा देतं, त्यात बऱ्याचदा वजनाचा वाटा धरलेला असतो. ओपनफास्ट गुरुत्वाकर्षण स्वतः रचनेच्या मॉड्यूलमध्ये धरतं. दोन्ही ठेवलं तर वजन दोनदा मोजलं जातं. म्हणून फाइलमध्ये फक्त पाण्याचा वाटा ठेवायचा. ओसी-३ स्पारमध्ये हा वाटा चक्क उणे आहे, सुमारे उणे ५ अब्ज न्यूटन-मीटर प्रति रेडियन, कारण लांब स्पारचं उत्प्लावन-केंद्र खूप खाली असतं आणि त्याला उभं ठेवतं ते तळाशी भरलेलं वजन. मला ते चिन्ह छपाईची चूक वाटली आणि मी ते बदललं. झुकण्याचा काळ ३० वरून १० सेकंदांजवळ आला, म्हणजे नेमका लाटांच्या पट्ट्यात, आणि त्या चुकीच्या मॉडेलवर मी भारांचा अख्खा संच चालवला. डीके टेस्ट आधी केली असती तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

दुसरा सापळा ऋण अवमंदनाचा, म्हणजे हालचाल शमण्याऐवजी वाढत जाण्याचा. ११.४ मीटरच्या वर वारा गेला की नियंत्रक पाती वळवून फेरे स्थिर ठेवतो. त्यामुळे वारा वाढला की थ्रस्ट कमी होतो. आता पाया वाऱ्याकडे झुकतो आहे अशी कल्पना करा. रोटरला वारा वाढल्यासारखा भासतो, नियंत्रक पाती वळवतो, थ्रस्ट घटतो, आणि पायाला पुढे जायला अडवणारं कुणी उरत नाही. परत येताना उलट : भासणारा वारा कमी, थ्रस्ट जास्त, आणि पायाला मागे ढकलणं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसं हे आहे. जमिनीवरच्या पवनचक्कीचा नियंत्रक जसाच्या तसा तरंगत्या पायावर चढवला की हे होऊ शकतं. उपाय असा, की नियंत्रकाची चाल पायाच्या झुकण्याहून मंद करायची. ओसी-३ स्पारसाठी नियंत्रकाची वारंवारिता सेकंदाला ०.६ रेडियनवरून ०.२ वर आणली गेली, पायाच्या सुमारे ०.२१च्या खाली. आजकाल रॉस्को या खुल्या नियंत्रकात पायाच्या गतीचा फीडबॅक घेण्याची सोय आहे. तरी हे का होतं ते एकदा कागदावर सोडवून पाहा.

आणखी दोन छोट्या सूचना. प्रत्येक सिम्युलेशनचा सुरुवातीचा भाग फेकून द्या. सर्जचा काळ दोन मिनिटांचा असेल तर एका मिनिटानंतर काहीही स्थिर झालेलं नसतं. आणि एकाच यादृच्छिक बीजावर (वारा-लाटांची एक यादृच्छिक मालिका ज्या आकड्यातून निघते त्यावर) निष्कर्ष काढू नका. जमिनीवरच्या प्रकरणांत १० मिनिटांची सहा बीजं हा रूढ पाया आहे, तरंगत्या पायासाठी मंद गती पकडायला तासाभराच्या किंवा त्याहून लांब धावा लागतात.

५. लहान प्रतिकृतीचं गणित : वारा आणि पाणी एकमेकांचं ऐकत नाहीत

लाटांमध्ये गुरुत्वाकर्षण महत्त्वाचं, म्हणून प्रतिकृती फ्राउडच्या नियमाने लहान करतात. १:५० घेतलं तर लांबी ५० ने, वेळ ७.०७ ने आणि बल १,२५,००० ने भागायचं. १२६ मीटरचा रोटर २.५२ मीटरचा होतो, ११.४ मीटरचा वारा १.६१ मीटरचा, मिनिटाला १२.१ फेऱ्यांचे ८५.६ होतात, १० सेकंदांची लाट १.४१ सेकंदांची. टाकीत गोडं पाणी असेल तर वस्तुमान आणि बल आणखी १.०२५ ने भागा. हा छोटा भागाकार विसरला की प्रतिकृती ठरलेल्या रेषेहून खोल बुडते.

याच हिशोबात रेनॉल्ड्स आकडा (प्रवाहातल्या जडत्वाचं चिकटपणाशी गुणोत्तर) सुमारे ३५४ पट खाली येतो. पाण्यातल्या भागाला ते बऱ्यापैकी निभावतं, पात्यांना नाही. इतक्या मंद प्रवाहात मूळ आकाराचं पातं नीट उचल देत नाही. डीपसीविंडच्या प्रतिकृतीची २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या मरिन या संशोधन संस्थेच्या टाकीत १:५० प्रमाणावर चाचणी झाली, तेव्हा भूमितीने तंतोतंत लहान केलेल्या रोटरचा थ्रस्ट फार कमी भरला. थ्रस्ट जुळवायला वारा वाढवावा लागला. पुढे मंद प्रवाहासाठी वेगळी, रुंद पाती घडवून २०१३ मध्ये पुन्हा चाचणी केली. त्या धड्यामुळे आज तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

एक, थ्रस्ट जुळेल असा वेगळ्या आकाराचा रोटर. दोन, रोटर काढून त्याच्या जागी संगणकाने चालवलेला पंखा किंवा दोर. संगणक त्या क्षणीचा वायुभार मोजतो आणि पंखा तो देतो. स्पेनच्या सेनेरने पंख्याची आणि नॉर्वेच्या सिंटेफने दोरांची पद्धत वापरली आहे. तीन, उलटं : रोटर खरा, वारा बोगद्यातला आणि पाण्याऐवजी पाया हलवणारा यंत्रमानव. मिलानच्या पॉलिटेक्निकोमध्ये असं काम होतं. तुमचा प्रश्न लाटांचा आणि मुरिंगचा असेल तर दुसरी वाट धरा, कारण वाऱ्याच्या झोताच्या कटकटी निम्म्या होतात. नियंत्रक किंवा वायुगतिकी हाच प्रश्न असेल तर पहिली किंवा तिसरी.

यंत्रशाळेत ऑर्डर देण्याआधी वजनाची यादी करा. मूळ रोटर आणि नॅसेल (मनोऱ्यावरची यंत्रपेटी) मिळून ३५० टन, म्हणजे प्रतिकृतीत पावणेतीन किलोंच्या आत. त्यात मोटर, भारमापक, एन्कोडर आणि वायरी सगळं आलं. सव्वा मीटर लांबीचं एकेक पातं १४० ग्रॅमच्या आत हवं. मी ज्या ज्या प्रतिकृती पाहिल्या, त्या वरच्या बाजूला जड झालेल्या होत्या. वरचं जास्तीचं वजन खाली वजन टाकून भरून काढता येतं, पण जडत्व बदलतं आणि झुकण्याचा काळही.

६. टाकीत जाण्याआधी आणि टाकीत

कोरड्या जमिनीवर आधी प्रत्येक भाग तोला, गुरुत्वमध्य शोधा, दोरांवर टांगून झोके देऊन जडत्व मोजा. मनोऱ्याला हातोडीने टिचकी मारून त्याची वारंवारिता घ्या, पण लक्षात ठेवा की घट्ट पक्कडीत मिळणारी वारंवारिता आणि तरंगताना मिळणारी वेगळी असते, तरंगताना ती वर जाते.

टाकीतला क्रम साधारण असा : प्रतिकृती न ठेवता लाटांचं कॅलिब्रेशन, मग स्थिर पाण्यात झुकाव, मुरिंगचा ओढ-आलेख, डीके टेस्ट, नियमित लाटा, सपाट वर्णपटाच्या (सगळ्या वारंवारितांत सारखी ऊर्जा असलेल्या) लाटा, फक्त वारा, आणि शेवटी दोन्ही. प्रतिकृती आत असताना लाट मोजून तीच मूळ लाट धरणं ही जुनी चूक आहे. पायावरून परतलेली लाट त्यात मिसळलेली असते.

प्रत्येक चाचणीला किती वेळ लागेल त्याचा अंदाज नेहमी कमी पडतो. तीन तासांचा समुद्र टाकीत साडेपंचवीस मिनिटांत होतो, पण पाणी पुन्हा शांत होईपर्यंत थांबावं लागतं. घाईत सुरू केलेल्या चाचणीत आधीच्या लाटांची मंद हालचाल उरलेली असते, आणि ती नेमकी सर्जच्या काळात जाऊन बसते. चाचण्यांच्या यादीत थांबण्याचा वेळ स्वतंत्र रकान्यात लिहा.

वायरींकडे विशेष लक्ष द्या. १:५० वर पूर्ण थ्रस्ट अवघा सव्वासहा न्यूटन असतो, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपासच्या वजनाइतका. नॅसेलमधून लोंबणारा वायरींचा जुडगा सहज त्यातला मोठा वाटा खातो. डीके टेस्ट वायरींसह आणि शक्य तिथे वायरींशिवाय करून फरक पाहा. वायरी मऊ आणि सैल ठेवा, आणि त्यांची मांडणी रोज फोटो काढून जपा.

रोज सकाळी पहिली आणि संध्याकाळी शेवटची म्हणून तीच एक नियमित लाट चालवा. भारमापक सरकला, मुरिंगची स्प्रिंग सैल झाली, कप्प्यात पाणी शिरलं, हे सगळं या दोन आलेखांच्या फरकात दिसतं. आमच्या एका आठवड्यात पोकळ कप्प्यात पाणी शिरत होतं आणि ते फक्त या सवयीमुळे सापडलं.

आणि प्रत्येक चाचणीआधी तुमच्या मॉडेलचा अंदाज वहीत लिहा : काळ, सरासरी सरकणं, सर्वाधिक झुकणं. चाचणी झाल्यावर लिहिलेला अंदाज, कितीही प्रामाणिक असला, तरी उत्तराकडे ओढला जातो.

७. तुलना करताना हात आवरा

आलेख जुळले नाहीत की गुणांक फिरवावेसे वाटतात. यासाठी मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. अवमंदन आणि ड्रॅगचे गुणांक फक्त डीके टेस्टवरून ठरवायचे आणि मग गोठवायचे. लाटांच्या चाचण्यांना त्यांना हात लावायचा नाही.

याला कारण आहे. ओसी-५ प्रकल्पात डीपसीविंड सेमीसबची मोजमापं अनेक गटांच्या मॉडेलांशी पडताळली, तेव्हा अंतिम (सर्वाधिक) आणि थकव्याचे (पुन्हा पुन्हा येऊन झिजवणारे) भार मॉडेलांनी सुमारे २० टक्क्यांनी कमी दाखवले. उणीव मुख्यतः सर्ज आणि झुकण्याच्या मंद वारंवारितांवर होती, जिथे लाटांचे अरेषीय भार काम करतात. पुढे ओसी-६ने हाच प्रश्न वेगळा काढून तपासला. त्या वेळी प्रत्येकाने आपापले गुणांक फिरवून आलेख जुळवले असते, तर ही उणीव दिसलीच नसती.

थकव्याची तुलना करताना समतुल्य भार (तेवढाच थकवा देणारा एकसारखा भार) काढायला घातांक कोणता घेतला ते प्रत्येक आलेखाखाली लिहा. पोलादाला ३ ते ४, काचतंतूच्या पात्याला १०च्या आसपास घेतात. १० घातांकावर एकच मोठा झटका सगळा निकाल फिरवतो, त्यामुळे पात्यांच्या भारांना जास्त बीजं लागतात.

८. डेटा ठेवताना

कच्चा डेटा प्रतिकृतीच्याच मापात, गाळणी न लावता ठेवा. पूर्ण आकारात बदललेली फाइल वेगळी. सोबत एक साधा मजकूर : अक्षांच्या दिशा, चिन्हांचा नियम, गती कोणत्या बिंदूभोवती मोजली, पाण्याची घनता, प्रमाण, नमुने घेण्याची गती, कोणता मापक कधी बदलला, आणि कोणत्या चाचण्या फेटाळल्या व का. फेटाळलेल्या चाचण्याही ठेवून द्या. आमच्या पाणी शिरलेल्या कप्प्याच्या चाचण्या मी पुसून टाकणार होतो. पुढे बुडत चाललेल्या पायाचं मॉडेल तपासायला दुसऱ्या एका विद्यार्थिनीला नेमक्या त्याच लागल्या.